चाळीस मोजेपर्यंत

दिवा लागला, आणि चाळीस आकडे मोजून होताच विझला. संगणकाच्या पाठीमागच्या पत्र्यात, नव्या नेटवर्क कार्डाच्या तोंडाशी, तांदळाच्या कणीएवढा तो हिरवा दिवा. धर्मेंद्र फरशीवर गुडघे टेकून, मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होता. पहिल्यांदा विझला तेव्हा त्याला वाटलं, वायर ढिली असेल. दुसऱ्यांदा त्याने वायर बदलून यंत्र पुन्हा सुरू केलं आणि उगाच मोजायला लागला. तिसऱ्यांदाही चाळीसच भरले, एकोणचाळीस नाही की एक्केचाळीस नाही. बिघाड असा मोजूनमापून होत नाही. अठरा वर्षं यंत्रांसोबत काढलेल्या माणसाला एवढं कळतं. बिघाड कधी येतो, कधी जातो, बघायला गेलं की लपतो. मोजून काम करतो तो माणूस. धर्मेंद्रने मान सरळ केली आणि समोरच्या काचेतून पलीकडच्या केबिनमध्ये पाहिलं. भूपेंद्र तिथे बसला होता, हातात चहाचा कप, आणि नेमकं त्याच वेळी त्याने डोकं वर केलं.

गोंदियाच्या बाहेर बालाघाट रोडला लागून असलेली ही उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. धान हौदात भिजतं, वाफेवर उकडतं, मग ड्रायरमध्ये वाळतं. कुठे किती तापलं याचे आकडे दिवसभर या जुन्या संगणकाकडे येतात आणि तिथून ड्रायरवाल्यांच्या पडद्यावर जातात. संगणक युनिक्सवर चालणारा. ज्यांनी तो बसवला ती माणसं केव्हाच दुकान बंद करून गेली, आणि त्याची भाषा समजणारा मिलमध्ये एकटा धर्मेंद्र उरला. त्याला याचा अभिमान होता आणि धास्तीही होती. एकट्याला येतं म्हणून त्याला मान होता. ते दुसऱ्या कोणाला आलं तर काय, हा विचार तो झोपेतही बाजूला ठेवत नसे. काल दुपारी जुनं कार्ड जळालं. आज सकाळी भूपेंद्रच स्वतः मोटरसायकलवर बाजारात जाऊन नवं घेऊन आला. कोणी सांगितलं नसताना. हे धर्मेंद्रने तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं.

कार्ड नवं म्हणजे ड्रायव्हर नवा. ड्रायव्हर हा कार्ड आणि यंत्र यांच्यातला दुभाषा. तो नसला तर दोघं समोरासमोर बसूनही मुके. धर्मेंद्रने चष्मा कपाळावर चढवून कार्डावरच्या काळ्या चिपचा बारीक नंबर वाचला, त्याचा ड्रायव्हर कोणता ते शोधलं, यंत्र सुरू होताना तो उचलला जावा म्हणून एका फाइलमध्ये एक ओळ लिहिली. दुसऱ्या फाइलमध्ये जुन्या कार्डाचं नाव होतं, तिथे नव्याचं घातलं, पत्ता तोच ठेवला. दोन ओळींचं काम. यंत्र बंद करून सुरू केलं तर पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत नवं कार्ड ओळखल्याची पावती आली, कार्डाचा तो जन्मभराचा बारा अक्षरी नंबरही आला. दिवा लागला. ड्रायरकडून कवडू ओरडला, ‘आला बापा आकडा!’ आणि मग दिवा विझला, आणि कवडूने जी शिवी दिली ती हौदापर्यंत ऐकू गेली.

त्याने यंत्राला विचारलं, कार्डाची खबर काय? यंत्राने सगळं बरोबर सांगितलं, नाव बरोबर, नंबर बरोबर, पत्ता बरोबर. फक्त ‘चालू’ हा एक शब्द ओळीत नव्हता. म्हणजे कार्ड मेलं नव्हतं. त्याला कोणीतरी हुकूम देऊन खाली बसवलं होतं. असा हुकूम फक्त मालकी पासवर्ड असलेला माणूस देऊ शकतो. धर्मेंद्र खुर्चीवर बसला. बाहेरून उकडलेल्या धानाचा आंबूस वास येत होता. नोव्हेंबरात सगळ्या गोंदियाला हा वास असतो आणि एरवी त्याच्या लक्षातही येत नाही. आज तो नाकात बसला. पासवर्ड दोनच ठिकाणी होता. एक त्याच्या डोक्यात. दुसरा कागदावर, लिफाफ्यात बंद, लिफाफ्याच्या तोंडावर त्याची आडवी सही. तो मेला-बिला तर मिल अडू नये म्हणून मालकांनी ठेवायला लावलेला. तो लिफाफा भूपेंद्रच्या केबिनमधल्या कपाटात होता.

‘का रे, लागला का?’ भूपेंद्र दारात उभा होता. चुलतभाऊ, दोन वर्षांनी मोठा, मिलचा मुनीम. पायात चप्पल नव्हती, म्हणून आल्याचं कळलं नाही.

‘लागला व्हता.’

‘मंग?’

‘विझला.’

‘काऊन?’

‘तेच पाहून राहिलो.’

‘दुसरं कार्ड आणू का? दुकानवाला म्हणे, जमलं नाही त बदलून देतो.’

‘काही नोको आणू, भाऊ. कार्डाले काही झालं नाही.’ धर्मेंद्रने हे मुद्दाम सावकाश म्हटलं आणि भूपेंद्रच्या तोंडाकडे पाहिलं. भूपेंद्रने फक्त कान खाजवला. ‘बरं,’ म्हणाला, ‘मले त्यातलं काय समजते,’ आणि गेला. मले काय समजते. अठरा वर्षांत हे वाक्य धर्मेंद्रने किती वेळा ऐकलं असेल! ज्याला खरंच समजत नाही तो इतक्या वेळा सांगत बसतो का?

त्याने स्वतःचा लॅपटॉप त्याच वायरला जोडला. दिवा लागला आणि लागूनच राहिला, शंभरपर्यंत मोजलं तरी. एखादा साधा माणूस म्हणाला असता, म्हणजे वायर आणि तिच्या पलीकडच्या टोकाची पेटी ठीक आहे, केबिनमधून कोणी काही करत नाही. धर्मेंद्र म्हणाला, म्हणजे त्याला लॅपटॉप जोडल्याचं काचेतून दिसलं. पण मग त्याच्याच लक्षात आलं की भूपेंद्र तर तेव्हा हौदावर गेला होता. ठीक आहे. म्हणजे तो स्वतः हात लावत नाही. त्याने आधीच काहीतरी पेरून ठेवलं आहे. शंकेचं असं असतं, तिला एक वाट बंद केली तर ती भिंतीतून जाते. आणि आपण फार हुशारीने विचार करतो आहोत असं धर्मेंद्रला वाटत राहिलं.

भूपेंद्रनेच त्याला इथे आणलं होतं. डिप्लोमा होऊन दोन वर्षं तो घरी बसला होता तेव्हा अर्जुनी मोरगावच्या स्टँडवर भूपेंद्र अचानक भेटला आणि म्हणाला, आमच्या मिलमध्ये कॉम्प्युटर येऊन राहिले, चालतेस का? ज्या घराने भूपेंद्रच्या बापाला चोर ठरवलं त्या घरच्या पोराला त्याने बोलावून नोकरी दिली. कशासाठी? धर्मेंद्रने आभार मानले आणि पहिल्या दिवसापासून वाट बघितली, हा याची वसुली कधी करतो. माणूस डूख धरतो, हे त्याने बापाच्या घरात पाहिलं होतं. विसरणारा माणूस त्याने पाहिलाच नव्हता, त्यामुळे भूपेंद्र विसरला असेल ही शक्यता त्याच्या हिशेबातच नव्हती.

गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनीच बांधलेला, या भागात कोहळी लोकांनी बांधलेल्या शेकडो तलावांसारखा, मातीची लांब पाळ आणि पाळीच्या पोटात पाणी सोडायचं दगडी तोंड, तुडूम. पाळीपाळीने पाणी सोडायचं काम धर्मेंद्रच्या बापाकडे, देवचंदकडे होतं. देवचंद तुडुमाचा लाकडी डट्टा ठोकून बसवायचा, वरून चिखल लिंपायचा आणि त्या ओल्या चिखलात आपला अंगठा उमटवायचा. सकाळी अंगठा जसाच्या तसा दिसला की तो समाधानाने खोकायचा. एका वर्षी पाणी पाळी नसताना उतरायला लागलं, रोज बोटभर. अंगठ्याला चिरा पडलेल्या दिसल्या. आणि पाळीच्या खालचं पहिलं बांदण, बांध घातलेलं धानाचं शेत, सख्ख्या धाकट्या भावाचं, केशोरावाचं. त्याचं धान सगळ्या गावात हिरवंगार. देवचंदने भर सभेत भावाचं नाव घेतलं. केशोरावाने तलावात गुडघाभर उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन शपथ खाल्ली. त्याच्या ओंजळीतून पाणी गळत होतं आणि काठावरचे लोक त्या गळण्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होते, हे धर्मेंद्रला आजही दिसतं. महिन्याभरात काकाने बांदण विकलं आणि बायको-पोरांसह गोंदियाला येऊन याच मिलच्या हौदावर धान उपसायला लागला.

बारा वाजता धर्मेंद्र केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, लिफाफा पाहायचा आहे. भूपेंद्रने कपाटाची किल्ली त्याच्यापुढे सरकवली. जुन्या कागदांच्या तळाशी लिफाफा होता, पिवळा पडलेला, आणि त्याचं तोंड उघडं होतं. सहीचा अर्धा भाग वरच्या पाकळीवर, अर्धा खाली. धर्मेंद्रच्या छातीत धडधडायला लागलं, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत भीतीपेक्षा आनंद जास्त होता. ‘हे उघडलं कोणी?’

भूपेंद्रने लिफाफा हातात घेऊन उलटासुलटा केला. ‘उघडलं कायचं, डिंक सुटला असन. वाफ लागते ना अठी. माह्या पोरीच्या टीसीचाबी लिफाफा असाच सुटला.’

धर्मेंद्र बाहेर आला, आणि भाताच्या कोंड्याच्या ढिगामागे उभं राहून त्याने मालकांना, भैयाजींना, फोन लावला. फोन लावेपर्यंत त्याने काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. पण तोंडातून वाक्य अगदी तयार होऊन आलं, जणू बऱ्याच वर्षांपासून तिथेच ठेवलेलं होतं. ‘भैयाजी, मशीन में खराबी नहीं है. किसी ने जान के बंद किया है. पासवर्ड का लिफाफा खुला मिला. भूपेंद्र की अलमारी में रहता है.’

‘सुबह से दो हौद का धान बिगड़ गया है, धर्मेंद्र. तू पक्का बोल रहा है?’

‘लिफाफा खुला है, भैयाजी.’

‘चार बजे आता हूँ. वो निकला तो आज ही गेट के बाहर. बीस साल का हो या चालीस का.’

फोन खिशात ठेवताना त्याच्या ध्यानात आलं की आपण पक्कं असं काही बोललोच नाही. नुसतं लिफाफा उघडा आहे म्हणालो. बापानेही सभेत एवढंच म्हटलं होतं, अंगठा फुटला आहे. बाकीचं लोकांनी म्हटलं.

आता पुरावा पाहिजे होता. चार वाजायला साडेतीन तास होते. भूपेंद्रने पेरलेलं ते जे काय असेल ते यंत्रातच असणार. त्याने दार लावून घेतलं आणि एकेक फाइल उघडून वाचायला बसला, वेळापत्रकाने चालणारी कामं, रोजची, दर आठवड्याची, कुठे काही नाही. शेवटी एक फाइल राहिली. यंत्र पूर्ण जागं झाल्यावर सगळ्यात शेवटी ती वाचतं, आणि तिच्यात सहसा कोणी काही लिहीत नाही. त्याने ती उघडली आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला. होतं! सहा ओळी. चाळीस सेकंद थांब. कार्डाचा बारा अक्षरी नंबर वाच. हा ठरलेला नंबर नसेल तर कार्ड बंद कर. काय डोकं चालवलं होतं! चाळीस सेकंद थांबायचं, म्हणजे नवीन माणूस खूश होऊन ‘लागलं’ म्हणून ओरडेल आणि मग सगळ्यांसमोर तोंडघशी पडेल. ज्याने हे लिहिलं त्याच्या मनात किती विष असेल, असं धर्मेंद्रला वाटलं. त्याने मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतला. मग दुसरा घेतला. अक्षरं नीट आली का बघायला फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणि सहा ओळींच्या वर एक सातवी ओळ दिसली. यंत्र वाचत नाही, फक्त माणसाने माणसासाठी लिहिलेली असते तशी ओळ, इंग्रजी अक्षरांत मराठी. हात लावू नको. पुढे अकरा वर्षांपूर्वीची तारीख. पुढे ध. दे.

धर्मेंद्र देवचंद. तो स्वतः.

आठवण एकदम आली नाही. आधी अंगाला घाम आला, मग ती आली. अकरा वर्षांपूर्वीचा पोळ्याचा आठवडा. भूपेंद्र एका अनोळखी माणसाला घेऊन या खोलीत आला होता, आणि त्या माणसाने कार्डावर बोट ठेवून विचारलं होतं, हे बदलता येतं का? तो वायरिंगचा ठेकेदार होता, हे नंतर कळलं. पण त्या संध्याकाळी धर्मेंद्रने थांबून या सहा ओळी लिहिल्या होत्या. माझ्या जागी कोणाला बसवतोस काय, बघतोच. लिहून झाल्यावर त्याला किती शांत झोप लागली होती! मग कार्ड अकरा वर्षं चाललं, आणि ओळी चिखलातल्या अंगठ्यासारख्या तिथेच वाट बघत राहिल्या. लिफाफ्याचं तोंड खरंच वाफेने सुटलं होतं. भूपेंद्रने कार्ड आणलं ते ड्रायर बंद पडला म्हणून. सकाळपासूनची एकेक गोष्ट त्याच्यासमोर उलटी होऊन आपल्या साध्या जागी जाऊन बसली, आणि प्रत्येक वेळी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा ओळी पुसायला सहा सेकंद लागले. यंत्र पुन्हा सुरू केलं, दिवा लागला, त्याने साठपर्यंत मोजलं, शंभरपर्यंत मोजलं. दिवा लागलेला होता. पलीकडून कवडूची शिट्टी ऐकू आली. आता कुणाला काही कळणार नव्हतं. कार्ड ढिलं होतं, एवढं म्हटलं की संपलं. आणि हे वाक्य तोंडात घोळवत असतानाच त्याला तो मे महिना आठवला. तो एकोणीस वर्षांचा, तलाव आटलेला, बापासोबत तुडुमाजवळची माती उकरत असताना हात जाईल एवढं भोक लागलं. खेकड्याचं बीळ. पाळीच्या आतून वाकडंतिकडं जात थेट काकाच्या बांदणात निघालेलं. डट्ट्याखालची माती खेकड्यानेच पोखरली होती, म्हणून वरचा अंगठा फुटत होता. देवचंद बराच वेळ उकिडवा बसून राहिला. मग त्याने तणसाचा, वाळल्या पेंढ्याचा, बोळा कोंबला, वर चिखल टाकला आणि टाचेने दाब दाब दाबला. ‘कोणाले सांगू नोको,’ म्हणाला. धर्मेंद्रने कोणाला सांगितलं नाही. सहा वर्षांपूर्वी देवचंद गेला तेव्हा केशोरावकाका गोंदियाहून आला आणि भावाच्या तिरडीला त्याने खांदा दिला. त्याच्या बरोबरीने पुढचा खांदा धर्मेंद्रचा होता, आणि घाटापर्यंतच्या वाटेत त्याने एकदाही मान वळवली नाही.

भैयाजी चारला दहा मिनिटं असतानाच आले. खोलीत न येता सरळ केबिनमध्ये गेले. धर्मेंद्र आत शिरला तेव्हा लिफाफा टेबलावर होता आणि भूपेंद्र खुर्चीतून उठून उभा राहिला होता, कोणी शिकवल्यासारखे दोन्ही हात पुढे बांधून.

‘चाबी रख दे, भूपेंद्र,’ भैयाजी म्हणाले. ‘मैं पूछूँगा भी नहीं क्यों किया.’

भूपेंद्रने कमरेची किल्ली काढली. तो धर्मेंद्रकडे बघत नव्हता. लिफाफ्याकडे बघत होता.

‘भैयाजी, मैंने किया था,’ धर्मेंद्र म्हणाला.

‘तूने फोन पे क्या बोला था?’

‘गलत बोला था. ग्यारह साल पहले मैंने ही मशीन में डाला था. भूल गया था.’

भैयाजी हसले. ‘भाई है, इसलिए अब दया आ गई. मुझे मत सिखा.’ त्यांना ते खरंच वाटेना. माणूस स्वतःच्या यंत्राला स्वतःच फास लावेल आणि विसरेल, यावर कोण विश्वास ठेवणार? धर्मेंद्रने मोबाइल काढला. भूपेंद्रला बाहेर काढण्यासाठी घेतलेला फोटो त्याने मोठा करून मालकांपुढे धरला आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. भैयाजींनी वाचलं. मग वर पाहिलं, एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. ‘तेरा फैसला कल,’ एवढं म्हणून ते निघून गेले. किल्ली टेबलावर तशीच राहिली.

भूपेंद्र धर्मेंद्रकडे वळला. ‘माह्यासाठी लावलं व्हतं का ते?’

‘हो.’

‘अकरा वर्षं?’

‘हो, भाऊ.’

‘डिट्टो मोठा बाबाच तू,’ भूपेंद्र म्हणाला. देवचंदला तो मोठा बाबा म्हणायचा. आवाज चढला नाही, त्यामुळे ते जास्तच लागलं.

‘आणखी एक सांगाचं आहे,’ धर्मेंद्र म्हणाला, आणि उभ्या उभ्या त्याने सगळं सांगितलं, बीळ, तणसाचा बोळा, टाच. भूपेंद्र खाली बसला. त्याने टेबलावरची किल्ली उचलली, थोडा वेळ मुठीत धरली, मग कमरेला अडकवली.

‘मले कायले सांगून राहिला? मी थोडाच पाण्यात उभा व्हतो. बाबाले सांग.’

‘आता चालू?’

‘चाल. पण त्याले आयकू येत नाही आता. मोठ्यानं बोला लागन. गल्लीभर आयकू जाईन.’

भूपेंद्रच्या मोटरसायकलवर मागे बसून तो गेला. केशोराव अंगणात बाजेवर बसून होता, मांडीवर सूप, सुपात तूर. शेजारच्या ओट्यावर दोन बाया विड्या वळत होत्या. धर्मेंद्र त्याच्या पायाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘काका, तलावाचं पाणी तुम्ही नव्हतं घेतलं. खेकड्याचं बीळ व्हतं. बाबाले माहीत व्हतं. मलेबी.’ म्हाताऱ्याने सूप बाजूला ठेवलं, कानामागे तळहात धरला आणि तोंड उघडं ठेवून पुढे वाकला.

‘आँ?’

शेजारच्या बायांचे हात थांबले. धर्मेंद्रने छाती भरून श्वास घेतला.